साडी नेसायला किती वेळ लागतो?

नाशिकहून बोलतोय. आमच्या ग्रुपला सध्या एकच खूळ लागलंय: १९८८ची 'अशी ही बनवाबनवी' संगीत नाटक म्हणून करायची. हक्क मिळाले तर, हां!

अडचण साडीची आहे. सिनेमात एक कट मारला की परशाची पार्वती होते. स्टेजवर विंगेत साडी, विग, लिपस्टिक... तीन मिनिटं तरी हवीत. तेवढ्यात लीलाबाई काळभोर गातील. म्हणजे गाण्याची जागा भावना नाही, ब्लाऊजचे हुक ठरवणार!

'सम लाइक इट हॉट'वरून १९७२ साली ब्रॉडवेवर 'शुगर' आलं. पण त्यातले हिरो मुळात वादकच. आमचा धनंजय माने का गाईल? इथे आपल्या नाशिकचे वसंत कानेटकर कामी येतात. त्यांच्या 'लेकुरे उदंड जाली'त माणसं बोलता बोलता गाण्यात शिरतात, अभिषेकीबुवांच्या चालीवर. तसाच माने थापा मारताना गाईल. थाप जेवढी मोठी, सूर तेवढा वर.

आणि बिंग फुटतं तेव्हा? तिथे पेटीसुद्धा नको, असं माझं म्हणणं. नुसतं बोलायचं, कोरडं. ग्रुपमधले अर्धे म्हणतात, शेवटी गाणं नसेल तर पब्लिक पैसे परत मागेल. उद्या तालमीत दोन्ही करून बघतोय.