वाढते तळेगाव आणि आपली नवी घरे
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव आताच झाला. आता घराविषयी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा आहे. निमित्त उघड आहे. तळेगाव (श्यामजी पंत) येथे हमरस्त्यालगत शेत घेऊन केवळ आपल्या ज्ञातीची वसाहत उभारावी, अशी सूचना काही बंधूंनी मंडळाकडे केली आहे. सूचनेमागील आपुलकीविषयी आम्हांस आदर आहे. तथापि तिचा विचार सर्व बाजूंनी व्हावा, एवढ्यासाठीच हे बोलणे.

तळेगाव हे तालुक्याचे ठिकाण नव्हे. ते आष्टी तालुक्यात मोडते. पण नागपूर-अमरावती हमरस्त्यावर ते वसले आहे, आर्वीकडे आणि आष्टीकडे जाणाऱ्या वाटा येथेच फुटतात आणि एस. टी.चे आगारही येथे आहे. अशा नाक्याच्या गावाची वाढ कोणी ठरवावी लागत नाही, ती रस्त्याच्या कडेने आपोआप होत जाते. आधी चहाचे दुकान, मग दुरुस्तीचे, मग त्यामागे घर, आणि पाहता पाहता कालचे संत्र्याचे बगीचे व कपाशीची वावरे यांचे प्लॉट पडतात. वाढ होणे वाईट नाही. पोरे शिकली, नोकरीस लागली, म्हणजे भावाभावांच्या वाटण्या झालेल्या जुन्या घरात त्यांस जागा पुरत नाही. प्रश्न एवढाच, की आधी रस्ता, नाली आणि पाणी, की आधी घर?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या जिल्ह्याच्याच इतिहासात आहे. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. प्रारंभी त्याचे ठाणे पुलगावनजीक कवठा येथे होते. १८६६ साली पालकवाडी या लहानशा वस्तीच्या जागी नवे शहर आखून ठाणे तेथे नेले. तेच आजचे वर्धा. तेथे आधी रुंद रस्त्यांची आखणी झाली आणि मागून घरे आली. परक्या राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीसाठी केलेले ते काम होते, हे खरे. तरी त्यातला क्रम शहाणपणाचा होता. घर पाडून पुन्हा बांधता येते; पण दोन्ही बाजूंस पक्की घरे उठल्यावर मधला रस्ता हातभरही रुंद करता येत नाही.

आज खेडोपाडी नेमका उलटा क्रम दिसतो. शेतात चुन्याच्या रेघा मारल्या, की लेआउट पडला, असे समजले जाते. खरेदीदार हमरस्ता किती जवळ आहे ते पाहतो. पावसाचे पाणी कोठून वाहते, हे पाहत नाही. पहिल्या पावसाळ्यात काळ्या मातीत भिंतीस तडे जातात, सांडपाणी शेजाऱ्याच्या दारात उभे राहते आणि मग सारे मिळून ग्रामपंचायतीस बोल लावतात. ज्या जमिनीवर ग्रामपंचायतीच्या नावे रस्त्याची पट्टीच सोडलेली नाही, तेथे तिने रस्ता करावा तरी कसा?

कायदे नाहीत, असे नाही. शेतीचे बारीक तुकडे पडू नयेत, म्हणून १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला. ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा; जमीन महसूल संहिता आणि प्रादेशिक व नगररचना अधिनियम, दोन्ही १९६६ चे. २०१७ साली महसूल संहितेत सुधारणा होऊन गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरांच्या आतील जमिनीस बिनशेती वापरासाठी सवलत मिळाली. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने ०.४ हेक्टर, म्हणजे सुमारे एक एकर, वा त्याहून मोठ्या लेआउटात १० टक्के जागा खुली ठेवण्याचे बंधन घातले. त्याच वर्षी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने गावठाणातील घरांची मोजणी विमानासारख्या छोट्या यंत्राने करून मालकीची पत्रिका देण्याचे काम हाती घेतले. नियम वेळोवेळी बदलतात; म्हणून दलालाच्या तोंडी ग्वाहीवर न विसंबता, खरेदीपूर्वी तहसील कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत जाऊन स्वतः विचारावे. मुद्रांकाच्या कागदावर नुसती सही झाली, म्हणजे जमीन आपली झाली, हा भ्रम अनेकांची आयुष्याची पुंजी गिळून बसला आहे.

आता ज्ञातीच्या वसाहतीकडे वळू. या कल्पनेची परंपरा जुनी व सन्माननीय आहे. मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत बांधवांनी सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापिली. रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तल्माकी हे तिचे प्रवर्तक होत. देशातील सहकारी गृहनिर्माणाचा आरंभ तेथून मानला जातो. पुढे २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा नियम ग्राह्य धरला. तेव्हा कायद्याची आडकाठी आहे, असे आम्ही म्हणत नाही.

परंतु जे कायद्यास चालते, ते गावास मानवतेच असे नाही. गावदेवीच्या मंडळींस अनोळखी महानगरात भाड्याच्या खोल्यांतून सुटका हवी होती. ओळखीची माणसे हाच त्यांचा आधार होता. तळेगावात आपण अनोळखी नाही. येथे आपली शेते इतरांच्या धुऱ्यास धुरा लावून आहेत. जुन्या गावठाणात ज्ञातीज्ञातीच्या ओळी वेगळ्या पडल्या, त्या आपल्या पिढीने पाडल्या नाहीत. पण नव्या जागेवर, नव्या नकाशावर, आपल्याच हाताने तीच रेघ पुन्हा ओढली, तर तिचा दोष मात्र आपल्याच माथी येईल. ज्या जिल्ह्यात १९२८ साली जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले केले, त्या जिल्ह्यात आपण वसाहतीस फाटक लावावे काय?

शिवाय व्यवहारही पाहावा. एका ज्ञातीच्या वीस घरांसाठी वेगळा रस्ता, वेगळी नाली, वेगळी पाण्याची टाकी मागावयाची, तर ग्रामपंचायतीने द्यावयाचे कोठून? सगळ्या गावाची मागणी मात्र आराखड्यात बसते आणि आराखड्यात बसलेल्या कामास निधी मिळण्याची वाट असते.

म्हणून आमची मंडळास नम्र सूचना अशी. वसाहतीसाठी वर्गणी गोळा करण्याऐवजी मंडळाने घर घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांस सल्ला देणारी एक लहान समिती नेमावी. सातबारा, मोजणीचा नकाशा आणि परवानगीचे कागद जाणत्याने पाहिल्याखेरीज कोणीही इसारा देऊ नये. आपल्यापैकी जे शेत विकतील, त्यांनी रस्ता व खुली जागा सोडलेली आहे ना, हे पाहूनच विकावे. भाव थोडा कमी आला तरी चालेल. आणि ग्रामसभेस प्रत्येक घरातून एक माणूस तरी जावे, भगिनींनीही जावे. कारण पाणी भरणाऱ्यास नळ कोठे हवा, हे नकाशा काढणाऱ्यापेक्षा अधिक कळते. वार्षिक विकास आराखड्यात नाली आधी की कमान आधी, हे तेथेच ठरते. आपण गैरहजर राहिलो, तर कमानच होणार.

आपल्या नातवंडांस तळेगावात आपल्या ज्ञातीची गल्ली सापडली नाही, तरी चालेल. त्यांस सायकल चालविण्याजोगा रस्ता, खेळावयास मोकळी जागा आणि कोरड्या पायांनी शाळेत जाता येईल अशी वाट सापडावी. तेवढे झाले, तरी या मंडळाने घराचे काम केले, असे म्हणता येईल.

मंडळाने हा विचार बरावाईट जसा वाटेल तसा पारखून घ्यावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.