टाकीतला सोडा आणि वहीतला आठ

मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोललो होतो. आज पाण्याबद्दल बोलायचं आहे. हे पाणी नळाचं नाही आणि विहिरीचंही नाही, काचेच्या टाकीतलं खारं पाणी आहे. ज्या गटांनी शोभेचे मासे पाळलेत त्यांना विषय लगेच कळेल. बाकीच्यांनीही ऐका, कारण या गोष्टीत एक वही आहे, आणि वही तर आपल्या प्रत्येक गटाकडे असते.

आमचा गट देवगड तालुक्यातला, अकरा जणींचा. दोन वर्षं झाली, आम्ही क्लाऊनफिशची पिल्लं वाढवतो. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे, मुलं ज्याला निमो म्हणतात तोच हा मासा. समुद्रातून पकडून न आणता टाकीतच त्याची पैदास करण्याचं तंत्र आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं बसवलं आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर तर बायका शोभेची कोळंबी वाढवायला शिकल्या आहेत. म्हणजे हे काम बायकांना जमतं की नाही हा प्रश्नच नाही. आम्ही लहान पिल्लं आणतो, विकण्याजोगी होईपर्यंत सांभाळतो आणि देतो. आमच्याकडे चार टाक्या आहेत, एकमेकींना जोडलेल्या, सगळ्या मिळून हजार लिटर पाणी.

या पाण्यात रोज एक गोष्ट मोजावी लागते, तिचं नाव अल्कलिनिटी. सामू तुम्हाला माहीत आहे, माती तपासताना ऐकलेला असतो. सामू म्हणजे पाणी आत्ता किती आंबट आहे ते. अल्कलिनिटी म्हणजे उद्या आंबटपणा आला तर तो पोटात घालायची ताकद पाण्यात किती शिल्लक आहे ते. तांदळाचा डबा डोळ्यांसमोर आणा. ताटातला भात रोज तेवढाच दिसतो, घरच्यांना काही कळत नाही. डबा खाली होत चाललाय हे फक्त झाकण उघडणारीला माहीत असतं. डबा संपला की मग एकदम ताट रिकामं. सामू म्हणजे ताट, अल्कलिनिटी म्हणजे डबा.

हा डबा खातं कोण? आमच्या टाकीत मासे घाण करतात, त्यातून अमोनिया होतो. गाळणीतले जिवाणू त्या अमोनियाचं कमी विषारी रूप करतात, पण ते करताना आम्ल तयार होतं आणि ते अल्कलिनिटी खातं. एक ग्रॅम अमोनियाचा नायट्रोजन पचवायला चुन्याच्या हिशेबात सात ग्रॅमच्या वर अल्कलिनिटी जाते. मासे वाढले, खाणं वाढलं की डबा लवकर रिकामा होतो. समुद्राच्या पाण्यात ही अल्कलिनिटी साधारण सात अंश असते. आम्ही आठ ठेवतो. ती घटली की खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून घालायचा. शंभर लिटरला तीन ग्रॅम घातला तर एक अंश वाढतो, म्हणजे आमच्या हजार लिटरला तीस ग्रॅम. खाण्याचा सोडाच. बेकिंग पावडर नाही आणि पोट बिघडल्यावर घेतो ती फसफसणारी पुडीही नाही, कारण त्यांच्यात आम्लही घातलेलं असतं.

आता आमचं काय चुकलं ते सांगते.

मागच्या दिवाळीत, विक्रीला आठवडा उरला असताना, सकाळी मासे पाण्यावर येऊन तोंड उघडायला लागले. एका वहिनीनं मोजलं तर अल्कलिनिटी तीन. त्या दिवशी पाळी होती आमच्या सगळ्यांत मोठ्या काकींची. त्यांनी मला फोन केला. मी तालुक्याला बैठकीत होते. मी बाहेर येऊन घाईघाईत सांगितलं, "दीडशे ग्रॅम सोडा घाला," आणि फोन ठेवला. सणाची दुकानं बंद. काकींच्या घरात खाण्याचा सोडा चमचाभर, धुण्याचा सोडा मात्र पिशवीभर. त्यांनी तो वजन करून, नीट विरघळवून घातला. धुण्याच्या सोड्यानं अल्कलिनिटी वाढते, पण सामूही झपकन चढतो. आणि सामू चढला की पाण्यात साठलेला अमोनिया कितीतरी जास्त विषारी होतो. दुपारपर्यंत चारशेतली दोनशे दहा पिल्लं गेली.

त्या महिन्याच्या बैठकीच्या इतिवृत्तात मी लिहिलं, "चुकीचा सोडा टाकल्याने नुकसान." कोणी टाकला ते लिहिलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. कोणता सोडा ते मी फोनवर बोललेच नव्हते, हे मात्र मी लिहिलं नाही. आणि योग्य सोडा असता तरी पाच अंश एका दमात वाढवणं चूकच होतं. निम्मं पाणी बदलायचं, मग थोडं थोडं वाढवायचं, असं सांगायला हवं होतं. काकी त्यानंतर शेडवर येईनाशा झाल्या. निरोप पाठवला की गुडघा दुखतो म्हणायच्या.

डिसेंबरात माझा धाकटा भाऊ आला. तो अमेरिकेत ह्यूस्टनला असतो. त्याच्या घरात खाऱ्या पाण्याची टाकी आहे, पण ती प्रवाळाची. अंगठीत पोवळं घालतात ना, त्याच जातकुळीतले हे जीव. लहान लहान प्राणी एकत्र राहतात आणि पाण्यातला कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन चुन्याचं घर बांधतात. तिकडे टाकीतच वाढवलेल्या प्रवाळाचे तुकडे विकत मिळतात, त्याने ते आणलेत. आपल्या मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे, पण त्याला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ते तोडायचं नाही आणि विकायचंही नाही. कोणी व्यापारी मागायला आला तर सरळ नाही म्हणा.

प्रवाळ घर बांधतं म्हणजे अल्कलिनिटी खातं. टाकी भरलेली असेल तर दिवसाला एक-दोन अंशही जातात. म्हणून ही मंडळी रोज भरपाई करतात. पूर्वी भाऊ चुन्याची निवळी थेंबथेंब सोडायचा. आपली पानाच्या डबीतल्या चुन्याचीच निवळी! जगभरचे टाकीवाले तिला काल्कवासर म्हणतात. शब्द जर्मन, अर्थ चुन्याचं पाणी. हे ऐकून आमच्या बायका केवढ्या हसल्या. पण निवळीचा सामू बाराच्या वर असतो. ती चुकून एकदम पडली तर पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि सगळं मरतं. म्हणून आम्ही तिच्या वाटेला जात नाही.

आता त्याच्याकडे यंत्र आहे. ट्रायडेंट नावाचं एक यंत्र तिकडे २०१९ पासून मिळतं, ते दिवसातून चार वेळा आपोआप अल्कलिनिटी मोजतं. भावाचं दुसऱ्या कंपनीचं, पण काम तेच. एक पंप टाकीतलं थोडं पाणी ओढतो. त्यात आम्ल मोजून बारीक थेंबांनी पडतं. सामू साडेचारच्या आसपास उतरला की थांबतं आणि किती आम्ल लागलं त्यावरून आकडा काढतं. तो आकडा भावाच्या फोनवर येतो. दुसरा पंप दिवसभरात थोडं थोडं सोड्याचं पाणी टाकीत सोडतो. या पंपात एक रबरी नळी असते, चाक फिरतं आणि नळी दाबत दाबत पाणी पुढे ढकलतं. डायलिसिसच्या यंत्रात रक्त असंच पुढे जातं.

संध्याकाळी तो शेडवर आमच्या टाक्या बघत होता. साडेसात वाजले असतील. त्याचा फोन वाजला. अल्कलिनिटी एका दिवसात ८.३ वरून ७.१ वर आली होती. तिकडे सकाळचे आठ, माझी भावजय कामाला निघालेली. त्याने व्हिडिओ कॉल लावला आणि आम्ही सगळ्या फोनभोवती गोळा झालो. त्यानं तिला आधी काय सांगितलं असेल? सोडा घाल, असं नाही. तो म्हणाला, "आधी तू हातानं मोज." तिनं छोटी बाटली काढली, पाणी घेतलं, थेंब मोजायला लागली. आमच्यातली एक ओरडली, "अगो, ही तर आपलीच बाटली!" खरंच तीच पद्धत. तिचं उत्तर आलं सात. म्हणजे यंत्र खोटं बोलत नव्हतं. मग तिनं पंप उघडला. चाक फिरत होतं, आवाज येत होता, पण नळी झिजून चिरली होती आणि सोड्याचं पाणी टाकीऐवजी कपाटात गळत होतं. पंपाच्या हिशेबात मात्र रोजची मात्रा "घातली" अशीच नोंद होती.

एक वहिनी म्हणाली, "मग मोजणारं वेगळं होतं म्हणून कळलं." अगदी बरोबर. घालणाऱ्या पंपाच्या नोंदीवर राहिला असता तर प्रवाळ पांढरं पडल्यावरच कळलं असतं. भावानं पंपाला आणखी एक गोष्ट लावून ठेवली आहे. दिवसाला अमुक इतक्यापेक्षा जास्त मात्रा सोडायचीच नाही, यंत्राचा आकडा काहीही येवो. कारण मोजणारं यंत्रही चुकू शकतं. त्यातलं औषध संपतं, सामू मोजणारी कांडी जुनी होते. एका चुकीच्या आकड्यावर अख्खा डबा ओतला जाऊ नये. भावजयीनंही घटलेली अल्कलिनिटी त्या दिवशी एकदम भरली नाही, दोन दिवसांत भरली.

मग त्यानं आमची वही मागितली. मला आधी अभिमानच वाटला, एकही दिवस कोरा नाही. त्यानं पानं उलटली. आठ, आठ, आठ, आठ. दिवाळीच्या आदल्या दिवशीही आठ. आपल्या फोनवरचा आलेख त्यानं मला दाखवला, करवतीच्या दातांसारखा वरखाली. म्हणाला, "ताई, चांगल्या यंत्राचा आकडासुद्धा रोज थोडा हलतो. आणि आठाचं तीन एका रात्रीत होत नाही. ही सरळ रेघ टाकीतली नाही, वहीतली आहे."

प्रत्येक पानाखाली माझी सही होती.

दुसऱ्या दिवशी मी काकींच्या घरी गेले. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. शेवटी त्या म्हणाल्या, "बाय, संध्याकाळी माका निळा खयचा आणि पिवळा खयचा ताच कळणा नाय." आमच्या बाटलीत पाणी निळं होतं आणि शेवटच्या थेंबाला पिवळं होतं. एक थेंब म्हणजे एक अंश. आम्ही मोजायचो संध्याकाळी सातला, पिवळ्या दिव्याखाली. पिवळ्या उजेडात पिवळा रंग कसा ओळखणार? त्यात काकींची जवळची नजर गेलेली. त्या आदल्या दिवशीचा आकडा उतरवायच्या. सांगितलं का नाही, तर पाळीवर हिस्सा ठरतो, आणि दिसत नाही म्हटलं तर पाळी जाईल. मग मी एकेकीला विचारलं. चार जणी तसंच करत होत्या, त्यातल्या दोघी माझ्याहून लहान, नजर चांगली असलेल्या. आधीची रोज आठ लिहिते, मग मी सात कसं लिहू, असं त्यांना वाटायचं.

पुढच्या बैठकीत फोनवर मी काय बोलले आणि काय बोलले नाही ते सांगितलं, आणि इतिवृत्तात तसं लिहिलं. काकींना आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून त्या आल्या. काही बोलल्या नाहीत. चहा मात्र त्यांनीच केला.

यंत्र घ्यायचं का, यावरही चर्चा झाली. दोघीतिघींचा आग्रह होता. पण त्याची किंमत आमच्या वर्षाच्या बचतीहून जास्त, त्याचं औषध बाहेरून मागवायचं आणि आमच्याकडे वीज जाते. प्रवाळाच्या टाकीला दिवसातून चार वेळा मोजणं लागत असेल, आमच्या माशांना दिवसातून एकदा पुरतं. फक्त ते एकदा खरं पाहिजे. मला विचाराल तर पैसे असते तरी मी आधी दिवा बदलला असता.

आता आम्ही सकाळी आठला मोजतो, उजेडात, बाटलीमागे पांढरा कागद धरून. पाणी पाच मिलिलिटरऐवजी दहा घेतो, त्यामुळे एक थेंब म्हणजे अर्धा अंश आणि आकडा बारकाईनं कळतो. दोघी जणी वेगवेगळं मोजतात, चिठ्ठीवर लिहितात, मग चिठ्ठ्या उघडतात. एका थेंबाहून जास्त फरक आला तर तिसरी मोजते. दिवसाला तीस ग्रॅमच्या वर सोडा नाही, फोनवर मी सांगितलं तरी नाही. सोड्याच्या डब्यावर "खाण्याचा" असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय आणि धुण्याचा सोडा शेडमध्ये आणायचाच नाही. वहीत "मोजलं नाही" लिहायची मुभा आहे, त्यासाठी पाळी कापत नाही. सुरुवातीला हे काहींना पटलं नाही, आळशीपणा वाढेल म्हणाल्या. दोन महिन्यांत "मोजलं नाही" तीनदा आलंय, त्यात एकदा माझंच.

काकींनी तालुक्याच्या शिबिरात जवळचा चष्मा करून घेतला. त्यांच्या पहिल्या आठवड्याची ओळ अशी आहे: साडेसात, सात, साडेसात, मोजलं नाही, साडेसात, आठ, साडेसात. नवी पिल्लं आलीत, साडेतीनशे. रविवारी भाऊ वहीच्या पानाचा फोटो मागतो. काकी फोटो पाठवायला लावतात आणि खाली विचारायला सांगतात, "पंपाची नळी बदललंस काय रे?"

ज्यांना थेंबांची पद्धत प्रत्यक्ष बघायची असेल त्यांनी आमच्या शेडवर सकाळी आठच्या आधी या.