नटणं तिचं, नजर आपली



सप्ताहात कीर्तन आटोपतं, आरती होते, प्रसाद वाटला जातो. मग दोन-चार वयस्क मंडळी जवळ येऊन बसतात. पंढरीची चौकशी होते, पाऊसपाण्याचं बोलणं होतं, आणि हळूच एक विषय निघतो. "महाराज, हल्ली बाया देवाच्या दारातसुद्धा नटूनथटून येतात. ओठाला लाली, नखाला रंग, तोंडाला पावडर. हे सगळं कुणाला दाखवायला? उद्याच्या कीर्तनात जरा खडसावा त्यांना." गावं बदलतात, विचारणारे बदलतात, प्रश्न तोच असतो. तेव्हा आजची सेवा याच प्रश्नावर करू.

"कुणाला दाखवायला?" असं आपण विचारतो. बरं, मग आधी राउळात जाऊ. पंढरीचा राणा पहाटे काकड्याला उठतो. त्याला स्नान घालतात, अंग पुसतात, कपाळी गंध लावतात, पोशाख करतात, मुकुट घालतात, गळ्यात तुळशीचे हार घालतात. पाडव्यापासून मृग निघेपर्यंत उन्हाळ्यात विठोबा-रखुमाईला चंदनाची उटी लावतात. नवरात्रात रखुमाईचा रोज वेगळा अलंकार असतो, तो पाहायला आपण तासन्‌तास रांगेत उभे राहतो. तिथे कुणी विचारतं का, आई, हे कुणाला दाखवायला? कुणी नाही विचारत. उलट डोळे भरून पाहतो आणि म्हणतो, आज रूप काय साजिरं दिसतंय!

देवाचं राहू द्या. माझ्याकडेच पाहा. हा फेटा काय आपोआप बसला डोक्यावर? परीटघडीचं धोतर, उपरणं, कपाळाला गोपीचंदनाचा टिळा, मध्ये बुक्का. गंध वाकडं झालं तर पुसून पुन्हा लावतो, आरशात पाहून लावतो. मला कुणी विचारलं नाही, महाराज, हे कुणाला दाखवायला? तुम्ही म्हणाल, ते वारकऱ्याचं भूषण आहे. कबूल. पण आपलं ते भूषण आणि बाईचं ते नखरे, हा निवाडा कुठल्या शास्त्रात आहे, तेवढं मला दाखवा.

आता बाई का नटते? तिला कधी विचारलंय का? आपण परस्पर ठरवून टाकतो. अहो, कारणं सतरा असतात. सण असतो म्हणून नटते. बहिणीचं लग्न असतं म्हणून नटते. चार भिंतींत वर्षभर राबलेली असते, आज देवाला जायचं म्हणून ठेवणीतलं पातळ काढते, पावडरीचा हात फिरवते. तिच्यासाठी ते देवाला जाण्याचाच एक भाग असतो. शहरात दुकानात, कचेरीत, रुग्णालयाच्या काउंटरवर बसणाऱ्या लेकीला नीटनेटकं राहावंच लागतं. नाही राहिली तर बोलणी खावी लागतात. कुणाच्या गालावर कोडाचा डाग असतो आणि लोकांच्या नजरेला ती कंटाळलेली असते. कुणी रात्रभर दुखणाईताच्या उशाशी जागलेली असते, तिला डोळ्यांखालचं काळं कुणाला दाखवायचं नसतं. आणि मायबाप, जड अंतःकरणाने सांगतो, कुणाच्या पावडरीखाली नवऱ्याच्या हाताचा वळ असतो. आपण हसतो पावडरीला. वळ आपल्याला दिसत नाही.

आणि कित्येकींचं कारण साधं असतं. तिला बरं वाटतं म्हणून. एवढंही कारण पुरतं.

वाल्मीकी महाराजांनी अयोध्याकांडाच्या शेवटी एक प्रसंग सांगितला आहे. चित्रकूट सोडून राम, लक्ष्मण आणि सीतामाई अत्री ऋषींच्या आश्रमात आले. तिथे अनसूयामाता आहे. कशी आहे? केस पांढरे झालेले, अंगावर सुरकुत्या पडलेल्या, वाऱ्यात केळ हलावी तसं शरीर कापतंय. आयुष्यभर तप केलेली ही बाई. आता आपल्या हिशोबाने अशा तपस्विनीने वनवासाला निघालेल्या सुनेला काय द्यायला हवं? वैराग्याचा उपदेश द्यायला हवा. जपाची माळ द्यायला हवी. अनसूयेने काय दिलं? फुलांची माळ दिली, वस्त्रं दिली, दागिने दिले आणि अंगाला लावायची सुगंधी उटी दिली. सीतेकडून तिच्या स्वयंवराची हकीकत ऐकली. सांज झाली, तेव्हा म्हणाली, बाळ, हे सगळं माझ्या समोर लेवून दाखव, मला आनंद होऊ दे. सीतामाई नटली, म्हातारीच्या पाया पडली आणि मग रामरायाकडे गेली.

इथे थांबा जरा. अनसूयेने स्वतःसाठी काही ठेवलं नव्हतं. पण दुसरीला नटलेली पाहून तिचं मन भरून आलं. तिच्या मनात ना हेवा आला, ना "वनात कशाला हे थेर" असा शब्द आला. खरं वैराग्य याला म्हणतात. आपलं वैराग्य कसं? स्वतःचं सुटत नाही आणि दुसऱ्याचं पाहवत नाही.

दुसरा दाखला भागवताच्या दशम स्कंधातला. कृष्ण-बलराम मथुरेच्या राजमार्गाने चालले आहेत. समोरून एक बाई येते आहे, तीन ठिकाणी वाकलेली, हातात उटीचं पात्र. कंसाची दासी कुब्जा. तिचं काम काय? राजासाठी उटी तयार करायची. आजच्या भाषेत सांगायचं तर ती पार्लरवाली! मथुरेच्या लोकांना तिच्यात काय दिसत होतं? कुबड. देवाला काय दिसलं? तिच्या हातातलं कसब. भर रस्त्यात देवाने तिच्याजवळ उटी मागितली. तिनेही हात न आखडता दोघा भावांना दिली, त्यांनी अंगाला लावली. मग देवाने आपल्या पायांनी तिचे पाय दाबून धरले, दोन बोटं हनुवटीखाली लावली आणि तिला सरळ केली.

आज तालुक्याच्या गावी एखादी लेक ब्यूटी पार्लर चालवते, त्यावर आईबापांचं औषधपाणी चालतं, भावाचं शिक्षण चालतं. तिच्या धंद्याला नावं ठेवताना ही कुब्जा आठवा. ज्या वस्तूसाठी देवाने हात पुढे केला, ती वस्तू विटाळाची कशी होईल?

तुम्ही म्हणाल, महाराज, संतांनी देहाचे चोचले करू नका असं सांगितलं ना? सांगितलं. पण ते बाईला सांगितलं आणि पुरुषाला सोडून दिलं, असं नाही. कर्ज काढून केलेला शृंगार घर बुडवतो, तसं कर्ज काढून घेतलेली बुलेटही घर बुडवते. आणि लेकींनो, तुम्हालाही एक सांगतो. नटा, पण आपला रंग लपवायला नटू नका. आपला विठोबा सावळा, राम सावळा, कृष्ण तर नावानेच काळा. त्या सावळ्यापुढे डोकं टेकवायचं आणि घरी येऊन सोयरिकीत "मुलगी गोरी पाहिजे" म्हणायचं, ही कसली भक्ती? २०२० साली 'फेअर अँड लव्हली' क्रीमच्या नावातला गोरेपणा कंपनीने काढून टाकला. डबीवरचं नाव बदललं. आपल्या बैठकीतलं बोलणं कधी बदलायचं?

आणखी एक बोलायला हवं, ते आम्हा गादीवर उभं राहणाऱ्यांबद्दल. बाईच्या लालीवर, पार्लरवर विनोद केला की मंडप हसतो, टाळ्या पडतात. सोपं असतं ते. माझे गुरुजी शिकवताना सांगायचे, कीर्तनात हसवावं, पण ऐकायला आलेल्या कुणालाही मान खाली घालावी लागता कामा नये. नारदाची गादी आहे ती, चावडी नव्हे.

आता मूळ दुखण्याकडे येतो. नटलेल्या बाईला आपण नावं ठेवतो, पण जिने नटायचं थांबवावं असं आपणच ठरवलं, तिचं काय? जिच्या नावाआधी आपण गं. भा. लिहितो, ती माउली. मराठवाड्यातल्या एका गावी सप्ताहाला होतो. चाळिशीची एक बाई, मालक वर्षापूर्वी वारलेले. शाळेत जाणाऱ्या लेकीने हट्टाने तिच्या कपाळाला बारीक टिकली लावली आणि तिला कीर्तनाला आणलं. मागे बसलेल्या दोघी कुजबुजल्या, "आता हिला टिकली कशाला?" तिने ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी गावातली एक म्हातारी माळकरीण, जिचं स्वतःचं कपाळ कित्येक वर्षं मोकळं होतं, बुक्क्याची डबी घेऊन तिच्या दारात गेली. तिच्या कपाळाला बुक्का लावला, आपल्याही लावून घेतला, हाताला धरून तिला मंडपात आणली आणि पहिल्या रांगेत आपल्याशेजारी बसवली. कुणाला एक शब्द बोलली नाही. काल्याच्या दिवसापर्यंत दोघी तिथेच बसत होत्या. त्या म्हातारीत मला अनसूया दिसली.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, मे २०२२ मध्ये, तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं ही प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात शासनानेही परिपत्रक काढून बाकीच्या गावांना हा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव कागदावर होतो, मायबाप. पाळायचा असतो तो हळदीकुंकवाच्या ताटापाशी. ताट घेऊन फिरणारी बाई तिच्यापाशी येऊन पुढे सरकली, की ठराव मोडला.

वारकऱ्याला तर हे अवघड जाऊच नये. वारीत एकमेकांच्या कपाळी बुक्का लावताना कुणी विचारतं का, तुझी जात कोणती, तुझा मालक आहे की गेला? माळ सगळ्यांच्या गळ्यात, बुक्का सगळ्यांच्या कपाळी. पंढरीच्या वाटेवर हा शृंगार कुणाचा हिरावला जात नाही. मग घरी परतल्यावर आपण तो का हिरावून घेतो?

तेव्हा हे पुस्तक मिटल्यावर एवढं करा. नटलेली सून, लेक समोर आली तर "छान दिसतेस गं" म्हणा. नाहीच म्हणवलं तर गप्प राहा, तेही पुण्याचंच. आणि घरात, गल्लीत मोकळ्या कपाळाची कुणी माउली असेल, तिला पुढच्या एकादशीला स्वतः बोलवायला जा. बुक्क्याची डबी पुढे धरा. लावायचा की नाही, ते तिला ठरवू द्या. कपाळ तिचं आहे.

बोला, पुंडलीक वरदा हरि विठ्ठल! रामकृष्णहरी.