ट्रॉफी, खसखस आणि वकिलातीचा माणूस

अंधेरीच्या सहार विमानतळावरून रोज हजारो माणसं आखातात जातात. 1 एप्रिल 2023 रोजी त्यांत बोरिवलीची अभिनेत्री क्रिसॅन परेरा होती. परदेशी वेब मालिकेची ऑडिशन आहे, असं तिला सांगण्यात आलं होतं. त्या प्रसंगाला लागेल म्हणून हातात एक ट्रॉफीही दिली होती. शारजाला उतरल्यावर त्या ट्रॉफीतून गांजा निघाला आणि खसखस. अनारसे थापताना आपण जी खाली पसरतो ती खसखस संयुक्त अरब अमिरातीत नेणं गुन्हा आहे, हे दिवाळीचा डबा आखातात धाडणाऱ्या कितीतरी घरांना आजही ठाऊक नसतं.

तुरुंगातून तिनं लिहिलेलं पत्र पुढे वर्तमानपत्रांत आलं. कागद-पेन हाती यायलाच तीन आठवडे आणि पाच दिवस लागले होते. केस कपडे धुण्याच्या पावडरीनं धुतले, कॉफीला संडासातलं पाणी वापरलं, असं तिनं कळवलं होतं.

इकडे मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेनं दोघांना अटक केली. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे, इमारतीतल्या कुत्र्यावरून क्रिसॅनच्या आईशी झालेल्या जुन्या भांडणाचा हा सूड होता. 26 एप्रिलला क्रिसॅन तुरुंगाबाहेर आली, घरी पोचली ती ऑगस्टमध्ये. परराष्ट्र खात्याची चिंता खरी असेलही, पण त्या चिंतेला वजन आलं ते मुंबईत गोळा झालेल्या पुराव्यामुळे.

अशा वेळी वकिलातीचा माणूस तुरुंगात जातो, तो 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 36 च्या आधारे. परदेशी माणसाला पकडलं, तर त्याचा हक्क त्याला विनाविलंब सांगायचा. त्याची इच्छा असेल तर त्याच्या देशाच्या वकिलातीला कळवायचं. मग तिथला अधिकारी भेटू शकतो, पत्रं पोचवू शकतो, वकील मिळवून देऊ शकतो. सुटकेची हमी त्यात कुठेच नाही. पाकिस्ताननं पकडलेल्या पवईच्या कुलभूषण जाधवांना ही भेट नाकारली, म्हणून 17 जुलै 2019 रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं पाकिस्तानला दोषी धरलं, तेही याच कलमाखाली.

कधी कधी वकिलातीचाच माणूस आत जातो. डिसेंबर 2013 मध्ये न्यूयॉर्कला भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली आणि कपडे उतरवून त्यांची झडती घेण्यात आली. त्या केईएममध्ये डॉक्टरकी शिकलेल्या, वडील एकेकाळचे 'बेस्ट'चे महाव्यवस्थापक. दिल्ली इतकी संतापली की अमेरिकी दूतावासासमोरचे अडथळे पोलिसांनी उचलून नेले. ज्या मोलकरणीच्या पगारावरून खटला उभा राहिला, तीही भारतीय बाईच होती. तिच्यासाठी मात्र कुणी काही उचललं नाही.

सहारला कलम 36 चा नियम उलट्या दिशेनंही लागू आहे. अमली पदार्थांसह पकडलेल्या परदेशी बायका इथून भायखळ्याच्या महिला कारागृहात जातात. ज्या देशाची मुंबईत वकिलात नाही, त्याचा माणूस दिल्लीहून यावा लागतो. तरी त्या बाईला विचारणारं कुणीतरी असतं, निदान कागदावर.

भांडुपच्या मंजुळा शेट्येला कोण होतं? शिक्षा भोगत असलेली ही बाई भायखळ्यात बराकीची वॉर्डन म्हणून काम पाहायची. जून 2017 मध्ये शिध्यातली दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले म्हणून तिनं विचारणा केली. त्यानंतर तिला मारहाण झाली आणि 23 जूनला ती गेली. तुरुंगातल्या सहा महिला कर्मचाऱ्यांना अटक झाली. विजय मल्ल्याच्या प्रत्यार्पणासाठी लंडनच्या न्यायालयानं आर्थर रोड तुरुंगातल्या बारा नंबर बराकीची चित्रफीत मागवली होती. भांडुपच्या बाईसाठी तशी मागणी करणारं परकं न्यायालय कुठून येणार?

आपल्या बायकांसाठीची तजवीज आपल्याच कायद्यात आहे. मुंबईतल्या महिला कैद्यांशी बोलून पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. 15 फेब्रुवारी 1983 च्या निकालात न्यायालयानं सांगितलं, की बायकांसाठी स्वतंत्र कोठड्या हव्यात, पहाऱ्याला महिला शिपाई हव्यात, चौकशी महिला पोलिसांसमोर व्हावी आणि सत्र न्यायालयाच्या न्यायाधीशानं, शक्यतो महिलेनं, कोठड्यांना अचानक भेट द्यावी. मुलुंड, घाटकोपर, अंधेरीच्या ठाण्यांत अशी भेट शेवटची कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात कुणालाही विचारता येतं. श्रोत्यांनी जरूर विचारावं, अर्जाला दहा रुपये लागतात.