कॅरमची पावडर आणि ग्रीनवरचं गवत

मुलांना मैदानावर सोडून पार्किंगमध्ये आपला कार्यक्रम ऐकत बसणाऱ्या आईबाबांसाठी आज थोडं गोल्फ.

माझी लेक शाळेच्या संघाच्या निवडीत मागे पडली, आणि चूक माझी होती. उन्हाळाभर आम्ही गावच्या सार्वजनिक कोर्सवर सराव केला. तिथलं ग्रीन संथ. कडेवरून चिप थेट झेंड्याजवळ टाकली की दोन पावलं घरंगळून थांबायची. "अशीच मार," मी सांगत राहिलो. निवड मात्र एका खाजगी क्लबवर झाली. तोच फटका, आणि चेंडू झेंडा ओलांडून पलीकडच्या उतारावर! परतताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, मी नेहमीसारखंच मारलं होतं."

खरंच होतं तिचं. पावडर टाकलेल्या कॅरमवर नेहमीच्या जोराने स्ट्रायकर मारला तर काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. ग्रीनवरचं गवत साधारण 3 मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. ते आणखी थोडं उतरवलं, वर रोलर फिरवला, की चेंडू पळू लागतो. सकाळच्या दवात तेच ग्रीन मंद असतं.

1935 साली ओकमाँटची यू. एस. ओपन बघून एडवर्ड स्टिम्पसन यांनी हा वेग मोजायला खाच असलेली लाकडी पट्टी बनवली. आता ती अ‍ॅल्युमिनियमची असते. पट्टी एका टोकाने उचलत नेली की ठरावीक कोनात चेंडू सुटतो. सपाट जागी तो जितके फूट जाईल, तो ग्रीनचा वेग. 8-9 म्हणजे रोजचं ग्रीन. मोठ्या स्पर्धांत 12च्याही पुढे.

मग वेगवान ग्रीनवर करायचं काय? चेंडू झेंड्याच्या बराच अलीकडे टाकायचा आणि उरलेलं अंतर त्याला घरंगळू द्यायचं. झेंडा अगदी जवळ असेल तरच उंच, मऊ फटका. पण कडेचं गवतही बारीक कापलेलं असेल, तर वेज जमिनीला अडकतो किंवा चेंडूच्या पोटात बसतो. तिथे सरळ पटर घ्यावा. त्यात कमीपणा कसला? 2014 साली पाइनहर्स्टला मार्टिन कायमर ग्रीनबाहेरून पटर वापरत यू. एस. ओपन जिंकला.

आणि हो, खेळ सुरू झाल्यावर चेंडू घरंगळवून ग्रीनची चाचणी घेणं नियमात बसत नाही. अंदाज आधीच सरावाच्या ग्रीनवर घ्यायचा, शक्यतो त्याच दिवशी. लेक आता अर्धा तास लवकर पोचते, तीन-चार चेंडू घरंगळवून बघते. मला मात्र गाडीतच बसायला सांगते.