पदवीधराची गोधडी



पदवी परीक्षांचे निकाल लागले, की उत्तीर्ण झालेल्या मुलाला अथवा मुलीला द्यावयाचे काय, असा प्रश्न घरोघरी पडतो. मनगटी घड्याळ, फाउंटन पेन, सुटाचे कापड यांची शिफारस करणारे पुष्कळ भेटतात; परंतु ज्या घरात अद्याप सुईदोरा चालतो, त्या घरातली आई, मावशी किंवा आत्या गोधडी शिवून देण्याचा संकल्प सोडते, आणि 'नक्षी कोणती घालू?' या पहिल्याच प्रश्नापाशी अडते. आजचे माझे बोलणे एवढ्या एका प्रश्नापुरतेच आहे. धावदोरा कसा घालावा हे मी तुम्हांला सांगावयास नको.

माझे म्हणणे असे, की नक्षी आधी ठरवू नका, आधी कापड पाहा. कागदावर चौकटी आखाव्यात, त्यांत रंग भरावेत आणि मग त्या रंगांची चिटे बाजारातून आणावीत, अशी जी रीत अलीकडे पडत चालली आहे, तिने गोधडी देखणी होते यात संशय नाही. पण ती अमुक घरची म्हणून ओळखू येत नाही. आपल्या पेटीत आजीचे विरलेले इरकली लुगडे असते, वडिलांचा कोपरावर फाटलेला सदरा असतो, लहानपणीच्या परकराचा खण असतो. ही वस्त्रे जमिनीवर शेजारी-शेजारी मांडून पाहिली, की इरकलीचा तांबडा पदर आपोआप मध्यभाग मागतो, गडद खण कडेला सरकतो आणि सदऱ्याचा फिका पट्टा त्या दोहोंमध्ये जागा धरतो. नक्षी ती हीच.

मापाचाही मुलाहिजा कापडच राखते. नऊ वारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट. त्याच्या चार घड्या घातल्या, की लांबी पावणेसात फूट भरते आणि रुंदी पन्ह्याइतकी राहते. वसतिगृहातल्या एका खाटेला याहून अधिक काय हवे? आजीचे एक अखंड लुगडे पोटात घेऊन वरच्या थराला तुकडे जोडले, तर गोधडीचा देह तिचा आणि मुखडा साऱ्या घराचा, अशी व्यवस्था सहज साधते. मात्र तांबड्या पदराचा रंग सुटतो की काय, हे पांढरे फडके ओले करून त्यावर घासून पाहावे. आणि एखादा नवा कपडा घ्यावाच लागला, तर तो आधी धुऊन आटवून घ्यावा, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आकसतो आणि शेजारच्या जुन्या कापडाला ओढून फाडतो.

लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाची शिदोरी गृहिणी कशी बांधते, हे क्षणभर आठवा. घरात बासुंदी आटवलेली असली तरी ती शिदोरीत जात नाही. मुक्काम किती, वाटेत पाणी कोठे, याची चौकशी करून ती दुधात भिजवलेल्या दशम्या देते, कोरडी चटणी देते. टिकेल, सांडणार नाही आणि चार अनोळखी सहप्रवाशांदेखत सोडताना संकोच वाटणार नाही, असेच जिन्नस निवडते. फडक्याची गाठदेखील अशी मारते, की ती वाटेत सुटू नये, पण निघालेल्याच्या हाताला सहज सुटावी. पदवीधराची गोधडी ही अशीच शिदोरी आहे. मुलगा मुंबईस नोकरीवर रुजू होणार असेल, तर अर्धेच लुगडे पोटात घालावे, दोन-तीन थर पुष्कळ झाले, आणि तेथे बारीक तुकड्यांची हौस खुशाल करावी. तो नागपूरच्या किंवा दिल्लीच्या थंडीत जाणार असेल, तर थर वाढवावे लागतात, आणि मग तुकडे मोठेच हवेत. कारण बारीक तुकड्यांच्या शिवणी एकमेकींवर चढल्या, की त्या जाडीतून सुई जात नाही आणि टाका वाकडा पडतो. खोलीत तिघेजण राहणार आणि धुणे रविवारी होणार, तर पांढरी जमीन नको.

आता थोडे रागावून बोलतो. गोधडीच्या मधोमध रेशमाने विद्यापीठाची मुद्रा भरावयाची, वर पदवीची अक्षरे आणि खाली साल घालावयाचे, हा प्रकार म्हणजे शिदोरीत बासुंदी ओतणे होय. तो जाड भरतकामाचा गोळा गालाला टोचतो. शिवाय खोलीतल्या सोबत्यांसमोर ती पांघरण्याचा मुलाला संकोच वाटतो, आणि वर्षाच्या आत ती ट्रंकेच्या तळाशी दाखल होते. सनद भिंतीवर टांगावी, गोधडी अंगावर घ्यावी. नाव घालावयाचेच असेल, तर उलट्या बाजूच्या कोपऱ्यात, बोटाएवढे.

बंगालमधल्या स्त्रिया कंथेवर, म्हणजे तिकडच्या गोधडीवर, टाक्यांनी कमळे, झाडे, माणसे काढतात. जसीमुद्दीन यांच्या 1929 सालच्या 'नक्शी काँथार माठ' या काव्यातली नायिका तर आपल्या संसाराची सारी कथाच कंथेवर भरते. ती परंपरा थोर आहे. परंतु आपल्या गोधडीत चित्र कापड काढते, टाका ते फक्त धरून ठेवतो. म्हणून कंथेतले कमळ उचलून येथे आणू नये. अलंकार हवाच असेल, तर उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरकडे, सिद्दी स्त्रिया गोधडीच्या चारही कोपऱ्यांवर रंगीत चिंध्या दुमडून फुले लावतात आणि त्यांवाचून गोधडी पुरी झाली असे मानीत नाहीत, ती रीत जरूर घ्यावी.

मुलीसाठी शिवताना एक गोष्ट विशेषेकरून ध्यानात ठेवा. महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले ते 1916 साली. ज्या आजीचे लुगडे आपण पसरणार, तिच्या वाट्याला शाळा आली असेल वा नसेल. तिच्या नातीने पदवी घेतली आहे. अशा गोधडीत आजीचा पदर झाकला जाऊ नये, तो वरच्या थरावर, उशाकडे यावा. याविषयी आणखी पुष्कळ बोलण्यासारखे आहे, पण समोरच्या घड्याळात माझी मुदत संपत आली आहे. दोऱ्याच्या रंगाचे तर बोलावयाचे राहूनच गेले. एवढेच सांगतो, की दोरा उठून दिसणारा घ्यावा, लपणारा नको.

पुन्हा एकवार सांगतो, कारण कोणी रेडिओ आता लावला असेल: आधी कापड, मग नक्षी. पदवीदान समारंभास अद्याप काही महिने अवकाश आहे, आणि हातशिलाईला तेवढे लागतातच. तेव्हा या आठवड्यातच पेटी उघडा, कपडे उन्हात घाला, आणि ज्याला गोधडी द्यावयाची त्याला, तो कोठे राहावयास जाणार आहे, हे आधी विचारून घ्या.