इंजिनाची धार बघा

खाडीकाठच्या ज्या गटांनी कांदळवन सफरीसाठी, कालवांच्या शेतीवर जाण्यासाठी होडीला इंजिन बसवलं आहे, त्यांच्यासाठी मी आज बोलणार आहे. ज्यांच्याकडे होडी नाही त्यांनी लगेच रेडिओ बंद करू नका. इंजिन होडीचं असो नाहीतर पिठाच्या गिरणीचं, ते गटाच्या नावावर आणि माहिती मात्र दुसऱ्याच्या डोक्यात, ही गोष्ट सगळीकडे सारखीच आहे.

आपल्या दुचाकीचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं. ट्रॅक्टरला पुढे रेडिएटर असतो, त्यात आपण पाणी भरतो. होडीच्या मागे लावतात ते इंजिन, ज्याला आपल्याकडे ओबीएम म्हणतात, त्याला बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. ते खाडीचंच पाणी ओढतं आणि त्यावर थंड होतं. इंजिनाचा जो लांब पाय पाण्यात असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना पंख्याच्या थोडं वर जाळी किंवा बारीक फटी दिसतील. पाणी तिथून आत जातं. आत रबराच्या पाकळ्यांचं एक छोटं चाक आहे, त्याला इम्पेलर म्हणतात. ते पाणी वर ढकलतं. पाणी इंजिनाभोवती फिरून पुन्हा खाली जातं, आणि त्यातलं थोडंसं मागच्या एका भोकातून बारीक धारेनं बाहेर पडतं. या धारेला आमच्याकडचे खलाशी जे म्हणतात ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही, पण नाव अगदी चपखल आहे. तुमच्या गावातही तेच असणार.

ती धार म्हणजे इंजिनाची नाडी. चालू केल्यावर थोड्याच वेळात ती सुरू झाली पाहिजे आणि होडी चालू असेपर्यंत जोरात राहिली पाहिजे. हात लावला तर पाणी कोमट लागावं. धार बारीक झाली, तुटक आली, पाणी चटका देण्याइतकं गरम झालं किंवा वाफ दिसली, तर आत पाणी पुरेसं जात नाही असं समजा. मोठ्या इंजिनांना भोंगा असतो, तो वाजतो. लहान इंजिनांना बऱ्याचदा नसतो. तिथे तुमचे डोळे हाच भोंगा.

गेल्या हंगामात आमच्या भागातल्या एका गटाची होडी ६ पर्यटकांना घेऊन खाडीत होती. सुकतीची वेळ, पाणी उतरत चाललेलं. सुकाणूवरच्या ताईंनी मागे वळून बघितलं तर धार दोऱ्याएवढी झालेली. पर्यटकांतले एक गृहस्थ म्हणाले, "स्पीड वाढवा, कचरा आपोआप उडून जाईल." ताईंनी ऐकलं नाही. होडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, नांगर टाकला. जाळीला दुधाची पिशवी चिकटली होती. १० मिनिटांत होडी पुन्हा चालू झाली. त्या इंजिनाचे बँकेचे हप्ते अजून जायचे होते. पाण्याशिवाय वेगात पळवलं असतं तर आधी इम्पेलर जळाला असता, मग इंजिनाच्या आतला भाग तापून अडकला असता. असं इंजिन दुरुस्त होतं कधीकधी, पण त्या खर्चात गटाची वर्षाची बचत जाते. आणि ६ माणसं ओहोटीला वाहत गेली असती, ते वेगळंच.

वेग वाढवल्यानं पिशवी सुटत नाही, याचं कारण सोपं आहे. इंजिन जोरात चाललं की पाण्याची ओढही वाढते आणि पिशवी जाळीला आणखी घट्ट बसते. इंजिन बंद केलं की ओढ संपते, आणि पुष्कळदा पिशवी आपोआप गळून पडते. काही जण थोडं उलटं चालवून बघतात. शेवाळ असेल तर त्यानं जातं, पण पिशवी जाईलच याचा भरवसा नाही. मी तरी बंद करूनच बघा म्हणेन.

आता हातानं साफ कसं करायचं ते सांगते. आधी वेग कमी, मग न्यूट्रल, मग वाटेतून बाजूला होऊन इंजिन बंद. नांगर टाका, नाहीतर एकीनं वल्हं धरून होडी सांभाळा. लाल दोरीची क्लिप काढून साफ करणारीनं ती स्वतःच्या खिशात किंवा कमरेला ठेवावी. दुसरीकडे देऊ नका. आपला हात पंख्याजवळ असताना कुणी चुकून इंजिन चालू करू नये म्हणून हे. मग इंजिन वर उचलून खटका लागेपर्यंत नेऊन अडकवा. लाइफ जॅकेट अंगात हवंच. एक बाई मागे वाकली की दुसरीनं पुढे बसून होडीचा तोल धरावा, प्रवाशांना जागेवर बसवून ठेवावं.

दोन्ही बाजूंच्या जाळ्या बघा. एकच साफ करून थांबायचं नाही. पिशवी हिसकू नका, फाटून तुकडा आत गेला तर तो बाहेर काढणं आपल्या हातात राहत नाही. कडेनं सोलत काढा. चिखल, शिंपल्यांचा चुरा, शेवाळ असेल तर जुना टूथब्रश फार छान काम करतो. फटीतला खडा पिनेनं काढायचा तर बाहेरच्या बाजूला ओढा, आत ढकलू नका.

मग इंजिन पूर्ण खाली सोडा, जाळी पाण्यात बुडाली आहे ना बघा, क्लिप लावा, न्यूट्रलमध्ये हळू चालू करा आणि धारेकडे बघत राहा. इंजिन फार तापलं असेल तर आधी १५-२० मिनिटं तसंच निवू द्या. वरून गार पाणी ओतू नका, तापलेल्या धातूला तडा जाऊ शकतो. चालू केल्यावरही धार आली नाही तर पुन्हा बंद करा. कधी जाळी साफ असते आणि धारेचं भोकच मीठ-चिखलानं बुजलेलं असतं. त्यात गळाची जाड तंगूस घालून हळूच फिरवा. तरीही धार नाही, म्हणजे दोष आत आहे. मग वल्ही हातात घ्या किंवा दुसऱ्या होडीला फोन करा. "किनारा जवळच आहे, तेवढं जाऊ" असं म्हणून चालवू नका.

हा त्रास कधी जास्त होतो? उधाणाच्या भरतीनं काठावरची पानं आणि प्लास्टिक पाण्यात येतं तेव्हा, आणि ओहोटीला उथळ जागी पंखा गाळ ढवळतो तेव्हा. उथळ पाण्यात इंजिन थोडं वर घेऊन हळू चालवतात, ते बरोबर आहे. पण इतकं वर नको की जाळीच पाण्याबाहेर येईल.

घरी आल्यावरचं काम कंटाळ्याचं आहे. खारं पाणी आत सुकलं की मीठ साचतं, म्हणून दिवस संपला की पिंपात गोडं पाणी भरून, इंजिनाचा पाय त्यात बुडवून, न्यूट्रलमध्ये १० मिनिटं हळू चालवायचं. मे महिन्यात विहिरीला पाणी नसताना पिंपभर पाणी इंजिनाला द्यायचं म्हणजे घरात बोलणी खायची, हे मला माहीत आहे. टंचाईत तेच पाणी दोन-तीन दिवस वापरा, मग बदला. ते माडाला घालू नका, त्यात तेल उतरलेलं असतं. जमिनीवर कोरडं इंजिन मात्र "चालू होतंय का बघू" म्हणून एक मिनिटही चालवू नका. इम्पेलरचं रबर पाण्यावर फिरतं, कोरडं फिरलं की करपतं.

इम्पेलर साधारण दर हंगामाला बदलावा. इंजिनाचं मॉडेल सांगितलं की दुकानात मिळतो. मेकॅनिक बदलायला बसला की गटातल्या दोघींनी शेजारी बसून बघा आणि जुना इम्पेलर मागून घ्या, पुढच्या बैठकीत सगळ्यांना दाखवायला. आपल्या पंचसूत्रीत नियमित लेखे आहेतच, त्याच वहीत एक पान इंजिनाचं करा: कोणत्या तारखेला जाळी साफ केली, पिंपात कधी चालवलं, इम्पेलर कधी बदलला. आणि होडीत एक झाकणाचा डबा कायम ठेवा. त्यात टूथब्रश, हातभर तंगूस, पक्कड, जास्तीची लाल दोरी आणि मेकॅनिकचा नंबर लिहिलेला कागद, प्लास्टिकमध्ये गुंडाळून.